भाचीसाठी चालवलेलं सरकार

आमच्या भाचीला पळायला सांगा. कुंभकोणमच्या बस स्टँडवरून सुटलेली मायलाडुतुरैची बस ती तिरुभुवनमच्या आत गाठते आणि वर ड्रायव्हरलाच सांगते, "अण्णा, जरा सावकाश, पुढे खड्डे आहेत." लांब उडी मारायला सांगा. महामहम तळ्याच्या एका काठावरून उडाली तर समोरच्या काठावर उतरायची आणि मधल्या पाण्याला पत्ता लागायचा नाही. गोळाफेकीचा सराव तिने आमच्या परसात सुरू केला, तेव्हा शेजारच्या माडाने घाबरून सगळे नारळ आपणहून खाली ठेवले. मी नवग्रहांच्या देवळांच्या यात्रा काढणारा माणूस. दिवसभर गाडीत बसून यात्रेकरूंना गोष्टी सांगतो, त्यामुळे मी वाढवून सांगतो अशी माझ्याबद्दल गावात बोलवा आहे. लोकांचं काय, लोक काहीही वाढवून सांगतात.

पण हीच मुलगी नागरिकशास्त्राचं पुस्तक घेऊन बसली की तिसऱ्या ओळीला तिची मान खाली. बरं, तिला मोठ्याने वाचायची सवय, त्यामुळे ऐकणारेही आडवे व्हायचे. ती राज्यपालांचे अधिकार वाचत असताना आमच्या घरातले डाससुद्धा भिंतीला टेकून बसलेले मी पाहिले आहेत, आणि कुंभकोणमचे डास सहसा कशाला टेकत नाहीत.

गोष्ट हसण्यावारी न्यायची मात्र नव्हती. पोलीस उपनिरीक्षकाच्या भरतीची ही तिची शेवटची खेप. पुढल्या भरतीपर्यंत तिचं वय मर्यादेपलीकडे जाणार होतं. आदल्या वेळी मैदानावर पाऊल टाकण्याआधी, लेखी परीक्षेतच तिला राज्यसभेने पाडलं होतं, आणि लोकसभेने पडलेल्या माणसावर पाय दिला होता. तिरुभुवनमच्या एका रेशमाच्या दुकानात ती साड्या दाखवायच्या कामावर होती. लग्नाचं गिऱ्हाईक आलं की साड्यांचा डोंगर उलगडायचा, नवरीच्या मावशीने नाक मुरडलं की तो पुन्हा घड्या घालून रचायचा.

"मामा," ती म्हणायची, "मज आता एकच कापड पाहिजे. खाकी. 'दुसरा रंग दाखवा' म्हणून कोणी मागणार नाही."

इथे आमच्या बोलण्याबद्दल एक सांगून ठेवतो. आमचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावराकडे आले आणि परतीचं विसरून गेले. आमची मराठी उंबरठ्याच्या आत. बाहेर पाऊल टाकलं की तमिळ. तीही मराठी इतकी जुनी की महाराष्ट्रातून आलेल्या एका यात्रेकरू बाईंनी माझ्या गाडीत मला विचारलं होतं, "तुम्ही घरी बखरी वाचता का हो?" मी म्हटलं, "नाही बाई, आम्ही नुसते भांडतो, ते तसं ऐकू येतं." हा मजकूर मी अशाच यात्रेकरूंकडून उचललेल्या मराठीत लिहितो आहे. घरच्यांची बोलणी मात्र जशी कानावर पडली तशीच ठेवली आहेत. सांगायचा मुद्दा, भाचीची परीक्षा तमिळमध्ये, शिकवणी तमिळमध्ये. पण तिच्या डोक्यात काही शिरायचं तर ते आमच्या स्वयंपाकघरातल्या मराठीतूनच शिरायचं.

एके दिवशी ती पुस्तक आपटून म्हणाली, "मामा, हा राष्ट्रपती नक्की करितो काय?"

समोर आरामखुर्चीत बाबा डोळे मिटून पडले होते. बाबा म्हणजे माझे वडील, तिचे आजोबा. घर त्यांच्या नावावर, गॅस त्यांच्या नावावर, लग्नपत्रिकांवर सर्वांत वर त्यांचं नाव. स्वयंपाकघरातून आत्या कागद घेऊन यायची, "येथे" म्हणून बोट ठेवायची, बाबा सही करायचे आणि डोळे मिटायचे.

मी विचारलं, "तुझे आजोबा काय करितात?"

"काही नाही. आत्या सांगते तेथे सही."

"झालं. एक धडा संपला."

तिने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा पुस्तकाकडे, आणि तिचे डोळे असे लकाकले की बाहेर रस्त्यावरच्या रिक्षावाल्याने दिवा लागला समजून आपला बंद केला.

मग काय, सगळं सरकार आमच्याच घरात सापडलं. आत्या पंतप्रधान, यात वाद नव्हताच. ती बाबांची धाकटी बहीण. पण सगळी गल्ली, दूधवाला आणि माझी भाचीसुद्धा तिला आत्याच म्हणते. घरात कोणी काय खायचं, कोणी कोणाशी बोलायचं आणि कोणाचं लग्न कोणाशी व्हायचं, हे तीच ठरवते. माझ्यासाठी तिने आणलेली सगळी स्थळं मला पाहून परत गेली आणि पुढे सुखी झाली, तेव्हा तिचा या क्षेत्रातला अनुभव मोठा आहे. माझी थोरली बहीण, अक्का, म्हणजे भाचीची आई. मेव्हणे गेल्यापासून दोघी आमच्याकडेच असतात, आणि अक्का इडलीचं पीठ वाटून गल्लीत विकते. तिला लोकसभेची अध्यक्ष केलं, कारण आरडाओरडा चालू असताना शांत राहण्याची सवय फक्त तिलाच होती. मी विरोधी पक्षनेता. हे पद मला जन्मतःच मिळालेलं आहे. राज्यसभा बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, रोज सकाळी भरायची. बाबांचे तीन-चार म्हातारे मित्र तिथे येऊन बसायचे. ते सभागृह कधीच विसर्जित होत नाही, हे भाचीला समजावून सांगावं लागलं नाही. दुपारची जेवणं झाली तरी ते विसर्जित झालेलं तिने लहानपणापासून पाहिलं नव्हतं.

आठवड्याभरात तिला सगळं पाठ. मी तर नवग्रहांच्या फेरीत प्रत्येक ग्रहाचे एकेकदा आभार मानून आलो. शनीचे दोनदा.

मग सराव परीक्षा झाली.

शिकवणीचे मास्तर भांड्यांच्या एका दुकानाच्या माडीवर वर्ग घ्यायचे. तमिळ माणूस, बोलणं मवाळ. पण पेपर तपासताना त्यांचा चेहरा करपलेल्या पापडासारखा झाला होता. मला बोलावून घेतलं. खाली पितळी भांड्यांचा खणखणाट चालू, त्यावर आवाज चढवून म्हणाले, "सर, अध्यादेश कोण काढतो? तुमची भाची लिहिते, पंतप्रधान. संयुक्त बैठकीत अध्यक्षस्थानी कोण? पंतप्रधान. न्यायाधीशांची नेमणूक? पंतप्रधान. क्षमा करण्याचा अधिकार?"

"पंतप्रधान," मी म्हटलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्या घरी क्षमा तीच करते. क्वचित."

मास्तरांनी चष्मा काढला. "सर, या मुलीच्या देशात पंतप्रधानाशिवाय कोणी कामच करत नाही. हे घर आहे की काय आहे?"

घरच होतं, तोच तर घोटाळा. भाचीने पाहिलेलं ती विसरत नाही आणि वाचलेलं तिच्या लक्षात राहत नाही. आमच्या घरात आत्याने वर्षानुवर्षं सगळे अधिकार पदराला बांधून ठेवले होते, तर मुलीने दुसरं काय लिहायचं? पुस्तक घरासारखं होणार नव्हतं. तेव्हा परीक्षेपर्यंत घर पुस्तकासारखं चालवायचं, एवढाच मार्ग उरला.

आत्या विड्याला चुना लावत बसली होती. तिच्यापुढे हा विषय काढायला मी शनीचं आणखी एकदा दर्शन घेऊन आलो.

"म्हणजे मज करावयाचें काय नाही, तें सांग," ती म्हणाली.

"तू निवाडा करायचा नाहीस."

"मग कोण करणार? तू?"

"देवघर. विठोबा-रखुमाई सर्वोच्च न्यायालय."

"बरें. ते बोलत नाहीत. आणखी?"

"हुकूम काढायचा तर बाबांची सही. नुसती नाही, त्यांनी वाचून केलेली."

"तो वाचीपर्यंत सांबार नासेल."

"आणि रोज संध्याकाळी प्रश्नोत्तरांचा तास. मी विचारणार, तू उत्तर देणार."

विडा तिच्या हातातच राहिला. "मी? तुज उत्तर? ज्याची लंगोटी मी बांधली त्याला?"

भाची तेवढ्यात येऊन तिच्या पायाशी बसली. एरवी वाघ असते, तेव्हा मात्र हळूच म्हणाली, "आत्या, ही शेवटची खेप. पुढे मज बसता येणार नाही."

आत्याने विडा तोंडात घातला. मला वाटतं, तिला तेव्हा खात्री होती की पोरगी काही पास होत नाही. तिच्या मनात भाचीसाठी तंजावराकडचं एक स्थळ घोळत होतं. मुलगा बँकेत, आई कडक, आणि त्या आईने साफ सांगितलं होतं की पोलिसातली सून नको. परीक्षेत नापास झालेली मुलगी मात्र चालेल. तेव्हा एकदा होऊन जाऊ दे, असाच आत्याचा हिशेब असणार. पण एकदा हो म्हटल्यावर तिने ते आपल्या पद्धतीने केलं. आंघोळ करून, रेशमी नेसून, देवघरासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी शपथ घेते की घर त्या पुस्तकाप्रमाणे चालवीन. विठोबा, तूं ऐकतोस." बाबांनी तिला शपथ द्यायला हवी होती, तर तेही उठून आले आणि उभे राहिले. सह्यांखेरीज काही करताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

आणि पुढचे काही महिने आमच्या घरात जे चाललं, ते पाहायला माझे यात्रेकरू राहू-केतू सोडून आले असते.

संध्याकाळी मधल्या खोलीत सभागृह भरायचं. अक्का पिठाचे हात धुऊन बसायची आणि कॉफीच्या डबऱ्यावर, म्हणजे पेल्याखालच्या वाटीवर, चमचा वाजवून कामकाज सुरू करायची. बाजूला जनता, म्हणजे भाची, वही घेऊन.

"माननीय पंतप्रधानांना माझा प्रश्न," मी उठायचो. "सकाळच्या कडप्प्यात बटाटा होता, की बटाट्याची फक्त आठवण होती?"

"बटाटा होता. विरोधी पक्षनेत्याने झाकण काढण्यापूर्वी."

"अध्यक्ष महोदया, हा माझा अपमान आहे!"

"खाली बस रे," अध्यक्ष म्हणायच्या. "आई गं, माझा भात लागला वाटतं. सभागृह तहकूब."

इडलीसोबतचा आमचा कुंभकोणमचा कडप्पा, मुगाच्या डाळीचा आणि बटाट्याचा, दिल्लीतल्या कुठल्याही विषयापेक्षा जास्त वेळ चर्चिला गेला असेल. एकदा मी अविश्वासाचा ठराव आणला. तो फक्त लोकसभेत येतो, हे जनतेने लगेच लिहून घेतलं. ठराव पडला, कारण त्या दिवशी आत्याने अक्काच्या आवडीचा केशरी रंगाचा शिरा केला होता. मी याला घोडेबाजार म्हटलं. आत्याने त्याला केसरी म्हटलं आणि मलाही वाढली.

सभागृह बसलेलं नसताना आत्याने हुकूम काढला की दुपारी पंखा बंद. बाबांनी वाचून सही केली. पण पुढे सभागृह बसल्यावर तो हुकूम तिथे मांडून मंजूर करून घ्यायला आत्या विसरली. मुदत संपली आणि अध्यादेश आपोआप मेला. त्या दुपारी पंखा जो फिरला, तसा पंखा मी जन्मात पाहिला नाही. पूर्ण घटनात्मक संरक्षणाखाली. आत्या त्याच्याकडे पाहत राहिली, पण उठली नाही. शपथ म्हणजे शपथ.

राज्यसभेचे हाल वेगळे. खर्चाच्या विधेयकात आत्याने तिण्णैवरची कॉफी जरा पातळ केली. म्हाताऱ्यांनी आरडाओरडा केला. भाचीने बाहेर जाऊन त्या आजोबांना समजावलं, "ताता, अर्थविधेयक तुम्हांस नाकारतां येत नाही. फक्त थोडे दिवस अडवून धरतां येतें." त्यांनी अडवून धरलं. म्हणजे तेवढे दिवस कॉफीच आली नाही. मग ते विधेयक त्यांनी असं काही पळवलं की पंतप्रधानही चकित झाल्या.

भाचीचे गुण वाढत गेले. मास्तरांच्या चेहऱ्याच्या करपलेल्या पापडाचा अप्पळम झाला, तमिळमध्ये पापडच तो, पण तळलेला आणि फुललेला. एका सराव परीक्षेत ती वर्गात पहिली आली. तिने घरी येऊन सांगितलं, अक्काने पदराने डोळे टिपले, मी नाचलो. आत्याने मात्र विड्याचं तबक पुढे ओढलं आणि पानांचे देठ एकेक करून खुडत बसली. पोरगी पास होण्याची शक्यता तिने प्रथमच हिशेबात धरली असावी.

दुसऱ्याच संध्याकाळी ती सभागृहात उभी राहिली. "माझें एक विधेयक आहे," म्हणाली. "तंजावरचें स्थळ पक्कें करावें. परीक्षेआधी निश्चय व्हावा. आणि त्यांची अट आहे, तेव्हा मुलीने परीक्षेस बसूं नये."

जनता वहीवरून वर पाहू लागली. मी तर उठून एवढं मोठं भाषण केलं की गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळातलं भजन थांबलं म्हणतात. स्वातंत्र्य, समता, व्यवसायाचा हक्क, एकही कलम सोडलं नाही. आत्या शांतपणे म्हणाली, "मी कोणाचा हात धरीत नाही. पुस्तकाप्रमाणे मांडतें. मत घ्या."

विरुद्ध मी. बाजूने ती. समसमान.

"माझं मत?" भाचीने विचारलं.

"तूं जनता," आत्या म्हणाली. "जनतेस मत पांच वर्षांनी."

मग अध्यक्षांचं निर्णायक मत. अक्काच्या हातात डबरा होता. तिने आपल्या मुलीकडे पाहिलंच नाही. "लोक काय म्हणतील त्याची मज भीती नाही," ती म्हणाली. "मज भीती ही की उद्या मी गेल्यावर हिचें कोणी नसेल." आणि तिने बाजूने मत दिलं. चमचा वाजवायची ती विसरली. आमचं सभागृह त्या दिवशी तहकूब न होताच उठलं.

तिण्णैवरच्या म्हाताऱ्यांना पुन्हा दाट कॉफी मिळाली. राज्यसभेने विधेयक एका घोटात मंजूर केलं.

उरले बाबा. आत्या कागद घेऊन आली, बोट ठेवलं. "येथे."

बाबांनी डोळे उघडले. कागद वाचला. सावकाश, ओठ हलवत. मग म्हणाले, "पुन्हा एकदा विचार करा," आणि परत दिला.

आत्याला क्षणभर कळलंच नाही. आयुष्यात या माणसाने तिला कागद परत दिला नव्हता. पण भाचीच्या वहीत ते होतं: राष्ट्रपती एकदा परत पाठवू शकतो. ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभागृह, पुन्हा समसमान, पुन्हा अक्काचं मत, पुन्हा म्हाताऱ्यांची कॉफी. आता पुस्तकाप्रमाणे सही टाळता येत नव्हती. मी नाडी ग्रंथवाल्या ज्योतिषाकडेही जाऊन आलो. तो म्हणाला, उपाय आहे, पण खर्चिक आहे.

आत्याने कागद पुढे केला. "आतां सही करावीच लागते. तुझ्या नातीनेच वाचून दाखविलें आहे."

"करावी लागते," बाबा म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली आणि मांडीखाली सरकवली. "पण कधीं, हें कोठे लिहिलें आहे?"

भाचीने वही चाळली. मग पुस्तक. मग पुन्हा वही. राष्ट्रपतींनी किती दिवसांत सही करावी, याची मुदत कुठेच दिलेली नाही. इतके महिने आरामखुर्चीत मिटलेल्या डोळ्यांनी तो माणूस सगळे धडे ऐकत होता, हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"अण्णा, म्हणजे तूं सही करणार नाहीस?" आत्या.

"असें मी कोठे म्हटलें? विचार चालू आहे."

आणि त्यांनी विचार सुरू केला. बाबांसारखा विचार मी कोणाला करताना पाहिलं नाही. ते आंघोळ करताना विचार करायचे, दात घासताना विचार करायचे, जेवताना तर घास हातात धरून इतका विचार करायचे की कावळे खिडकीत येऊन रांग लावायचे. कागद मांडीखालून उशीखाली, उशीखालून मांडीखाली. तंजावरहून फोन आला की आत्या दात आवळून सांगायची, "थोरले विचार करीत आहेत." तिकडून विचारायचे, "अजून?" आत्या म्हणायची, "खोल माणूस आहे."

ती जबरदस्ती करू शकली असती. स्वतः हो म्हणून मोकळी झाली असती. पूर्वी तसंच करायची. मी एकदा तिला डिवचलंही. "काय पंतप्रधान, अडलं का घोडं?" ती म्हणाली, "विठोबासमोर बोललें आहे. तुझ्यासारखी नाही मी, शनीपुढे एक आणि गाडीत एक." माझ्याशी बोलताना तिचा चेहरा भावाकडेच होता, आणि त्यावर रागापेक्षा आश्चर्य जास्त होतं. साठ-सत्तर वर्षं शेजारी बसलेला माणूस आपल्याला ठाऊक नव्हता, असं काहीसं.

परीक्षेचा दिवस उजाडला तेव्हा विचार चालूच होता. भाची पायात चपला घालून दाराशी उभी राहिली आणि आजोबांकडे पाहिलं. बाबांनी डोळे न उघडताच हात वर केला. आशीर्वाद होता की डास मारला, हे त्यांनाच माहीत. अक्काने तिच्या हातावर दही ठेवलं. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, पण आतून ओरडली, "छत्री घे!" आकाश कोरडं ठणठणीत होतं.

दुपारी ती परत आली. आत्या सोडून आम्ही सगळे, राज्यसभेसकट, तिण्णैवर.

"काय विचारिलें?"

"बेडकाच्या हृदयास कप्पे किती. कोणत्या जीवनसत्त्वाने रातांधळेपण जातें. लोलकाचा काल. नद्या. गणितें."

"आणि संसद?"

"दोन प्रश्न."

"दोन!" ओरडली ती आत्या. इतका वेळ स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती, ती तरातरा बाहेर आली. "दोनासाठी मी याला एवढे दिवस बटाट्यांचा जबाब दिला? अविश्वास सोसला? कोणी काढिला तो पेपर? त्याला उभा करा माझ्यासमोर!"

भाची म्हणाली, "दोन्ही बरोबर आले, आत्या."

"ते येणारच," आत्या म्हणाली. "न येऊन काय करितील."

तंजावरच्या मंडळींनी तेवढ्यात दुसरीकडे जुळवून टाकलं होतं. विधेयक आपोआप निरर्थक झालं. बाबांनी कागद काढून आत्याच्या हातात दिला आणि तिने तो चुलीत, म्हणजे गॅसवर, धरला. पुढे लेखीचा निकाल लागला, मग मैदान झालं. तिथे मोजणाऱ्याची फीत अपुरी पडली, हे मी सांगतो आणि कोणी मानत नाही. मग मुलाखत झाली आणि निवड झाली. राहिली होती फक्त चौकशी. निवडलेल्या उमेदवाराच्या घरी पोलीस येऊन वागणूक, शेजार, घरची माणसं विचारून जातात, ती. त्यात काही वावगं लिहिलं गेलं तर झालेलं सगळं पाण्यात.

एका सकाळी हवालदार आला. उन्हात चालून आलेला, पन्नाशीचा, घामाघूम माणूस. भाची दुकानात, अक्का गिरणीत. घरात बाबा, मी आणि आत्या. मी पुढे होऊन सुरुवात करणार, तोच आत्याने मला डोळ्यांनी बसवलं.

त्याने कागद काढला, नाव-गाव विचारलं, आणि तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, मुलीबद्दल घरात कोणाची काही तक्रार आहे का? तिच्या नोकरीला कोणाची हरकत?"

आत्या म्हणाली, "आहे."

बाबांनी डोळे उघडले. हवालदाराने पेनचं टोपण काढलं.

"सकाळी ती खात नाही," आत्या तमिळमध्ये म्हणाली, आणि तिचा तमिळ आवाज मराठीपेक्षाही मोठा असतो. "दोन इडल्या खाते आणि उठते. दुपारी भूक लागली की तिला राग येतो, मग समोर कोण आहे हे बघत नाही. तिथे ट्रेनिंगला कोण बघणार? ताक देतात का? पित्ताची प्रकृती आहे. हे सगळं लिहा."

"अम्मा, यात तसा रकाना नाही."

"नसेना. मागची बाजू कोरी आहे ना?"

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी विचार करायला सुरुवात केली. आत्याने हवालदारासमोर ताकाचा पेला ठेवला आणि त्याच्या शेजारी, जमिनीवर, ठाण मांडून बसली.

"घ्या," ती म्हणाली. "पिऊन लिहा. मी सांगते हळूहळू."

त्याने ताक प्यायलं. ओठ पुसले. मग मुकाट्याने कागद उलटा केला आणि विचारलं, "दोन इडल्या म्हणालात, अम्मा?"